दिव्यांग आणि समलिंगी व्यक्तीने राहायचं कुठे? बारामती-इंदापूरमध्ये घराचे कोणते मार्ग आहेत?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान समलिंगी व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याआधी, २०१६ मध्ये, संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर केला होता. निकालाने कोणावर प्रेम करायचं याचं स्वातंत्र्य मान्य केलं. कायद्याने सरकारी घरकुलांमध्ये दिव्यांगांचा राखीव वाटा ठरवला.

पण एकच व्यक्ती दिव्यांगही असेल आणि समलिंगी किंवा उभयलिंगीही असेल तर? म्हणजे व्हीलचेअर वापरणारा गे तरुण, दृष्टिहीन लेस्बियन तरुणी किंवा ऐकू न येणारी बायसेक्शुअल व्यक्ती. अशा व्यक्तीने राहायचं कुठे, याचं सरळ उत्तर दोन्हीपैकी कुठेच सापडत नाही.

पुणे-मुंबईत निदान आधारगट, वकील, ओळखीचं कोणीतरी मिळण्याची शक्यता असते. बारामती आणि इंदापूरसारख्या तालुक्यांत काय? तिथे घराचे कोणते मार्ग आहेत, ते कुठे अडतात आणि आहे त्या कायद्यात काय करता येतं, हे समजून घेऊया.

अडचण नेमकी कुठे आहे?

समलिंगी व्यक्तीला घरच्यांनी स्वीकारलं नाही, तर ती नोकरी शोधून दुसऱ्या गावी खोली घेऊन राहू शकते. हे सोपं नसतं, पण अनेकांनी हाच मार्ग घेतलेला असतो.

दिव्यांग व्यक्तीचं गणित वेगळं असतं. जे घर देतात तेच अंघोळीला मदत करतात, दवाखान्यात नेतात, पेन्शनचे पैसे बँकेतून काढून आणतात. घरच्यांना कळलं आणि त्यांनी पाठ फिरवली, तर डोक्यावरचं छप्पर आणि मदतीचा हात एकाच दिवशी जातो. त्यामुळे गप्प राहणं ही घरात टिकून राहण्याची अट होऊन बसते.

गप्प राहणंही सोपं नसतं. दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाईलमधला स्क्रीन रीडर आलेला मेसेज मोठ्याने वाचतो. एकाच खोलीत चौघं झोपत असतील तर खासगी काहीच राहत नाही. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला डॉक्टरशी किंवा वकिलाशी बोलायचं तर खुणांची भाषा जाणणारं माणूस लागतं, आणि बऱ्याचदा ते घरातलंच असतं. चालता न येणाऱ्या तरुणाला मित्राला भेटायला जायचं, तर भावाच्या मोटारसायकलवर बसावं लागतं. कुठे जायचंय, कोणाला भेटायचंय, हे आधी सांगावं लागतं.

म्हणून इथे घराचा प्रश्न चार भिंतींवर संपत नाही. आतून कडी लावता येईल अशी खोली आणि नातेवाईकांवर अवलंबून नसलेली मदत, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

बारामती आणि इंदापूर: शेजारी तालुके, वेगवेगळा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार बारामती तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४.२९ लाख, तर इंदापूरची सुमारे ३.८३ लाख होती. दोन्ही तालुक्यांतून नीरा डावा कालवा जातो, दोन्हीकडे ऊस आणि साखर कारखाने आहेत. पण राहण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे.

बारामती शहरात एमआयडीसी आहे, विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालयं आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाहेरगावची मुलं-मुली आणि कामगार येतात, त्यामुळे भाड्याच्या खोल्या, कॉट बेसिस आणि होस्टेल यांचा बाजार आहे. इथला प्रश्न 'खोली कोण देईल' हा असतो.

इंदापूर तालुक्यात शहर लहान आणि विस्तार मोठा. निमगाव केतकी, भिगवण, बावडा अशी मोठी गावं सोडली, तर बरीच वस्ती उसाच्या रानात विखुरलेली आहे. तिथे भाड्याने खोली घेऊन एकटं राहण्याची पद्धतच कमी. वालचंदनगरसारख्या ठिकाणी कंपनीची वसाहत आहे, पण कंपनीचं घर नोकरीशी बांधलेलं असतं. बाकीच्यांसाठी घर म्हणजे वडिलांचं घर आणि जागा म्हणजे सात-बाऱ्यावरचा हिस्सा. इथला प्रश्न 'माझा वाटा माझ्या नावावर आहे का' हा असतो.

त्यामुळे एकच उपाय दोन्हीकडे चालत नाही. बारामतीत भाडेकरार महत्त्वाचा, तर इंदापूरच्या गावांत वाटणी आणि घरकुल.

कायद्याने कोणता हक्क दिला आहे?

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर केला. त्याचं कलम १९ सांगतं की, कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. यातले 'कोणाबरोबर' हे शब्द समलिंगी व्यक्तीसाठी फार मोलाचे आहेत.

या कराराच्या आधारे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आहे. कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. तिला ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक पद्धतीनेच राहण्याची सक्ती होऊ नये आणि घरी येऊन मदत करणाऱ्या व्यक्तीसह वेगवेगळ्या सेवा तिला मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत.

कलम ३७ पैशाशी आणि जमिनीशी संबंधित आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी घरांच्या आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांमध्ये ५ टक्के आरक्षण ठेवायचं आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य द्यायचं आहे. घर, निवारा किंवा व्यवसायासाठी सवलतीच्या दरात दिल्या जाणाऱ्या जमिनीतही ५ टक्के वाटा आहे.

तिसरा कायदा मानसिक आजार असलेल्यांसाठी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे. त्याच कायद्याचं कलम १९ म्हणतं की, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कुटुंबाने स्वीकारलं नाही तर काय, हा प्रश्न निदान या कायद्याने विचारात घेतला आहे.

मग गाडी अडते कुठे?

'कुटुंब' या एका शब्दापाशी.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुल कुटुंबाला मिळतं. सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. गावाची यादी ग्रामसभेपुढे येते. एखादा अविवाहित दिव्यांग तरुण आई-वडिलांच्या पक्क्या घरात राहत असेल, तर त्या कुटुंबाकडे घर आहे अशीच नोंद होते. त्या घरात त्याला किती सुरक्षित वाटतं, हे यादीत दिसत नाही.

शहरी भागासाठी सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही नगरपरिषदांची शहरं त्यात मोडतात. या टप्प्यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. प्राधान्यक्रमात दिव्यांग आहेत, एकट्या महिला आहेत, ट्रान्सजेंडर व्यक्तीही आहेत. समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींचा वेगळा उल्लेख नाही आणि दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं घर या व्याख्येत बसत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. मात्र अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणींचा विचार करण्यासाठी केंद्राने समिती नेमावी, असा मार्ग त्या सुनावणीतून निघाला. त्यानंतर २०२४ मध्ये काही छोटे पण उपयोगी बदल झाले. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले समजावं, असं केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही मनाई नाही, हे अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं. घरकुलातली कुटुंबाची व्याख्या मात्र तशीच राहिली.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही असंच आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची मदत महिना १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केली. पण पात्रता ठरवताना कुटुंबाचं उत्पन्न बघतात. ज्या कुटुंबापासून दूर जायचं आहे, त्याच कुटुंबाचं उत्पन्न आडवं येऊ शकतं. म्हणून वेगळं राहायला लागल्यावर रेशनकार्ड वेगळं करून घेणं ही बारीक वाटणारी गोष्ट पुढच्या अनेक अर्जांसाठी महत्त्वाची ठरते.

घरकुलातली एक उपयोगी तरतूद

ग्रामीण आवास योजनेत घर साधारणपणे पती-पत्नीच्या संयुक्त नावावर मंजूर होतं. विधवा, अविवाहित आणि विभक्त व्यक्तींना यात अपवाद आहे. दिव्यांगांच्या कोट्यातून निवड झाली असेल, तर घर त्या दिव्यांग व्यक्तीच्याच नावावर मंजूर करावं, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर घर चढवून दिव्यांग व्यक्तीला त्यात फक्त 'ठेवून घेणं' हे योजनेत बसत नाही.

हे घर मिळवताना लैंगिक कल कुठेही सांगावा लागत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड एवढ्यावर दिव्यांग म्हणून असलेला हक्क सिद्ध होतो. ज्या गावात ग्रामसभेत सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वडिलांच्या घरात आणि जमिनीत हक्क किती?

'जमिनीतून बेदखल करीन' ही धमकी गावाकडे सर्रास दिली जाते. तिच्यात किती दम आहे, हे जमीन कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतं.

हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाला जन्मतः वाटा असतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही तो मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचं पक्कं केलं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत.

जुन्या हिंदू कायद्यात काही प्रकारचं अपंगत्व असलेल्यांना वारसा नाकारला जाई. आजच्या कायद्याचं कलम २८ ते दार पूर्ण बंद करतं: आजार, व्यंग किंवा शारीरिक दोष या कारणाने कोणीही वारसाहक्कातून बाद होत नाही. लैंगिक कल हेही वारसा नाकारण्याचं कारण नाही. वर्तमानपत्रात 'आमचा मुलाशी संबंध नाही' अशी जाहिरात दिल्याने वडिलोपार्जित हिस्सा संपत नाही.

वडिलांनी स्वतः कमावलेल्या घराची आणि जमिनीची गोष्ट वेगळी. ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात आणि सज्ञान मुलाला त्या घरात राहण्याचा आपोआप हक्क नसतो.

पण तिथेही एक आधार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, शारीरिक किंवा मानसिक दिव्यांगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारं सज्ञान अपत्य ऐपत असलेल्या आई-वडिलांकडून पोटगी मागू शकतं. विवाहित मुलीला मात्र ही तरतूद लागू नाही. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. पोटगीची रक्कम हाती आली, तर भाड्याच्या खोलीचा विचार करता येतो.

मुलींसाठी आणखी एक कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ हा फक्त सुनांसाठी आहे, असा गैरसमज असतो. घरात मारहाण, कोंडून ठेवणं किंवा सक्तीचं लग्न यांना तोंड देणारी मुलगीही त्याखाली तक्रार करू शकते. न्यायालय तिला घरात राहण्याचा किंवा दुसरीकडे राहण्याची सोय करून देण्याचा आदेश देऊ शकतं.

सर्वांत मोठी खबरदारी हक्कसोडपत्राबाबत घ्यायची. 'तुझं आम्ही बघूच की' असं म्हणून दिव्यांग बहिणीची किंवा भावाची सही किंवा अंगठा घेतला जातो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं की हिस्सा जातो आणि 'बघण्याचं' वचन कुठे लिहिलेलं नसतं. वाटणीला सगळे तयार असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तयार नसतील तर दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. दोन गुंठे का होईना, स्वतःच्या नावाची जागा असली तर घरकुलाचा मार्गही मोकळा होतो.

भाड्याने खोली घेताना

बारामतीत दोन मुलं किंवा दोन मुली खोली भाड्याने घेतात यात कोणाला काही वावगं वाटत नाही. 'मित्र आहेत', 'मैत्रिणी आहेत' म्हणून दार उघडतं. दिव्यांगत्व मात्र लपत नाही. 'एकटा कसा राहणार? पडला-बिडला तर जबाबदारी कोणाची?' असं विचारून घरमालक नकार देतात. त्यातून जोडपं आहे हे नंतर कळलं, तर खोली सोडायला सांगण्याची भीती असते.

लैंगिक कलावरून खासगी घरमालकाला घर नाकारण्यापासून थेट रोखणारा केंद्रीय कायदा आज नाही. त्यामुळे कागद पक्के असणं हाच बचाव.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं असल्याचं सिद्ध होत नाही. म्हणून नोटरी केलेल्या कागदावर न थांबता नोंदणीचा आग्रह धरावा. दोघं राहणार असतील तर करारात दोघांचीही नावं असावीत. एकाच्याच नावावर करार असेल आणि तो काही कारणाने दूर गेला, तर दुसऱ्याच्या हातात काही राहत नाही.

खोली बघताना काही मापं टेपने मोजून घ्यावीत. व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट लागते. संडास-बाथरूमची दारं अनेकदा त्याहून बरीच अरुंद असतात. रॅम्पचा चढ एकास बारा असावा लागतो. म्हणजे उंबऱ्याची पायरी सहा इंच असेल, तर रॅम्प सहा फूट लांब हवा. तेवढी जागा दारापुढे आहे का, हे डिपॉझिट देण्याआधी बघितलेलं बरं. ऐकू न येणाऱ्यांसाठी दारावर दिव्याची बेल आणि दृष्टिहीनांसाठी बसस्टँडपासून सरळ, उघड्या गटारी नसलेला रस्ता या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या.

घरातून तातडीने निघावं लागलं तर?

इथे सर्वांत मोठी पोकळी आहे. केंद्र सरकारची गरिमा गृह ही निवारागृहं ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहेत. गे पुरुष किंवा लेस्बियन स्त्री, दिव्यांग असो वा नसो, त्या योजनेत येत नाही.

महिलांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहता येतं, शिवाय पोलीस आणि वकिलाची मदत मिळते. १८१ या हेल्पलाइनवरून तिथे पोचता येतं. पुरुषांसाठी अशी सरकारी सोय नाही.

दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७ मात्र सर्वांसाठी आहे. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार किंवा तिची पिळवणूक होत असेल, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. तहसीलदारांकडे हे अधिकार असतात. ते सुटकेचा, संरक्षणाचा आणि व्यक्तीची इच्छा असेल तर सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. बारामती आणि इंदापूर दोन्ही ठिकाणी तहसील कार्यालय आहे, त्यामुळे यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

घरच्यांनी 'हरवली' किंवा 'पळवून नेलं' अशी तक्रार दिली, तर काय? ११ मार्च २०२४ च्या देवू नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर मार्गदर्शक सूचना दिल्या. सज्ञान व्यक्तीची स्वतःची इच्छा महत्त्वाची आहे आणि समुपदेशनाच्या नावाखाली न्यायालयांनी तिची लैंगिक ओळख बदलण्याचा प्रयत्न करू नये, असं त्यात म्हटलं आहे. डॉक्टरांनी 'उपचार' करून लैंगिक कल बदलण्याचा दावा करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

वकिलाची फी परवडत नसली तरी अडत नाही. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क करता येतो.

जोडीदाराच्या नावाने काय करता येतं?

लग्नाला मान्यता नसल्याने जोडीदार वारस ठरत नाही. घर एकाच्या नावावर असेल आणि तो गेला, तर घर त्याच्या भाऊबंदांकडे जातं. दुसरा दिव्यांग असेल, तर त्याचं नुकसान दुप्पट होतं.

हे टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. नोंदणी केली तर नंतरचे वाद कमी होतात. बँक किंवा सोसायटीत जोडीदाराला नॉमिनी केलं तरी मृत्युपत्र वेगळं करावं, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

घर विकत घेताना खरेदीखतावर दोघांची नावं घालता येतात. नंतर बक्षीसपत्र करायचं म्हटलं तर खर्च वाढतो. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. समलिंगी जोडीदाराला ही सवलत मिळत नाही.

मानसिक आजार असलेली व्यक्ती आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' निवडू शकते. त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच असावा अशी अट नाही. जोडीदार किंवा विश्वासू मित्र चालतो.

तालुक्याच्या पातळीवर काय बदलू शकतं?

सगळं दिल्लीत ठरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी हा निधी थोडीथोडी रक्कम वाटून संपतो. त्यातून रॅम्प, रुंद दार, घरातच संडास किंवा वेगळ्या खोलीसाठी मदत द्यावी, अशी मागणी ग्रामसभेत करता येते. वेगळी खोली मागताना 'मला खासगीपण हवं' एवढं कारण पुरेसं असावं.

दुसरी गोष्ट म्हणजे मदतनीस. दिव्यांग हक्क कायदा घरी येऊन मदत करणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख करतो. अशी व्यक्ती तालुक्यात उपलब्ध झाली, तर नातेवाईकांवरचं अवलंबित्व कमी होईल. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्थेने दिव्यांगांना सोयीचं वसतिगृह आणि रोजगार दोन्ही उभं करून दाखवलं. म्हणजे असं काम महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी होऊ शकतं.

तिसरी गोष्ट दोन चळवळींनी एकमेकांना दार उघडण्याची. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केली आणि २०११ मध्ये शहरात पहिली प्राइड रॅली निघाली. पण पुणे बारामतीपासून सुमारे १०० किलोमीटर आहे आणि एसटीच्या पायऱ्या व्हीलचेअरला चढत नाहीत. आधारगटाची बैठक तळमजल्यावर किंवा ऑनलाइन, लिखित मजकुरासह झाली, तर इंदापूरचा माणूसही त्यात येऊ शकतो. तसंच दिव्यांगांच्या मेळाव्यात लग्न जुळवण्याच्या कार्यक्रमासोबत 'ज्यांना लग्न करायचं नाही' त्यांच्या घराचाही विषय निघायला हवा.

बर्लिनमध्ये २०१२ पासून समलिंगी व्यक्तींसाठी एक बहुपिढी गृहसंकुल चालतं. त्यात काळजीची गरज असलेल्यांसाठी एकत्र राहण्याचं वेगळं घरही आहे. बारामतीत लगेच तसं संकुल होणार नाही. पण घर आणि मदत एकाच छताखाली देताना 'तुझं माणूस कोण' हे त्या व्यक्तीने सांगायचं, एवढं तत्त्व इथल्या वसतिगृहालाही लागू करता येतं.

घरी सांगण्याआधी कोणते कागद हवेत?

घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण सांगण्याआधी काही कागद स्वतःच्या ताब्यात असावेत: आधारकार्ड, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, स्वतः चालवता येईल असं बँक खातं, शाळा-कॉलेजचे दाखले, आणि जमीन असेल तर सात-बारा व आठ-अ चे उतारे किंवा घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठ. मोबाईलचा पिन बदललेला असावा आणि या सगळ्याचे फोटो विश्वासू माणसाकडे असावेत. पेन्शन दुसऱ्याच्या खात्यात येत असेल, तर ती आधी स्वतःच्या खात्यावर वळवून घ्यावी.

घरच्यांनी समजून घेतलं, तर हे कागद कपाटात पडून राहतील आणि काही बिघडणार नाही. नाही घेतलं, तर घरकुल, पोटगी, वाटणी किंवा भाडेकरार यांपैकी कोणत्याही दारात उभं राहताना पहिल्यांदा हेच मागितले जातील.